वाळूखालून वर आलेले जुने तारू: जाणार असाल तर आधी हे वाचा

किनारवाट, पेडणे

यंदाच्या पावसाने गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर जुन्या लाकडी जहाजाचा तळ उघडा पाडला आहे. किनाऱ्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनीही प्रतिसादात नाव, नकाशा किंवा मागचे माड, खुरीस (क्रूस), शॅक ओळखू येईल असा फोटो टाकू नये, ही हात जोडून विनंती. कारण खाली येते.

आधी तिथे काय दिसते ते. सुकतीला पाणी मागे सरले की ओल्या रेतीतून काळ्या लाकडांच्या दोन रांगा वर येतात. हे जहाजाचे वाक, म्हणजे तळापासून दोन्ही अंगांनी वर चढणारी वाकडी लाकडे. वरचा भाग केव्हाच गेला, उरलेत ते गुडघाभर खुंट. दोन रांगांच्या मधोमध पठाण, जहाजाचा तळकणा, किनाऱ्याला जवळजवळ समांतर पडला आहे. म्हणजे तारू नाळ, म्हणजे पुढचे टोक, पुढे करून किनाऱ्यावर चढले नाही, लाटांनी त्याला आडवे करून आणून टाकले. ते समुद्राच्या बाजूला कलंडून रुतले असणार, कारण त्या अंगाच्या फळ्या अजून वाकांना धरून आहेत आणि जमिनीकडच्या सगळ्या गेल्या आहेत. दिसणारा भाग पावलांनी मोजला तर सोळा-सतरा मीटर भरतो.

फळ्यांवर ठरावीक अंतराने गंजाची वर्तुळे आहेत. एके ठिकाणी खिळ्याचा छेद स्वच्छ दिसतो, तो चौकोनी आहे. चौकोनी खिळा हाताने घडवलेला. तारेचे गोल खिळे सर्रास मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. पण एवढ्यावरून कुणी ‘चारशे वर्षांचे जहाज’ म्हणून बातमी पसरवू नये. देशी गलबतांसाठी लोहार चौकोनी खिळे त्यानंतरही घडवत होते. तांब्याचा पत्रा कुठेच नाही. युरोपी जहाजांच्या तळाला लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून राखण म्हणून असा पत्रा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ठोकू लागले, आणि १८३२ नंतर तांबे-जस्ताचा स्वस्त पिवळा पत्रा आला. तो असता तर लाकडावर हिरवे डाग राहिले असते. इथे फळ्यांच्या सांध्यांत राळेत भिजवलेला कापूस ठासलेला आहे. तळात पांढरट गोटे आहेत, आणि जवळच्या खडपात त्या जातीचा दगड नाही. जहाज रिकामे असताना तोल राहावा म्हणून भरलेले ते वजन.

या सगळ्या खुणा मला एकाच बाजूला नेतात. हे देशी बांधणीचे, मीठ, कौले, नारळ, तांदूळ घेऊन मुंबई-मंगळूरकडे किनाऱ्या-किनाऱ्याने जाणारे शिडाचे गलबत आहे, पातमारीच्या जातीचे. ‘मग त्यात एवढे काय?’ असे मला दोघांनी तिथेच विचारले. पोर्तुगालच्या राजाच्या जहाजांच्या याद्या लिस्बनला आणि पणजीला जपून ठेवलेल्या आहेत. मीठ नेणाऱ्या तारवाची, त्याच्या तांडेलाची आणि खलाशांची नोंद कुणी ठेवली? त्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, जहाज कसे बांधले, कुठला सांधा कसा बसवला, हे सांगायला आता फक्त हे लाकूड शिल्लक आहे. म्हणून मला त्याची किंमत सोन्याच्या जहाजाहून कमी वाटत नाही.

आता जाण्याबद्दल. अमावास्या किंवा पौर्णिमा गाठा, किंवा त्यानंतरचे एक-दोन दिवस. इतर दिवशी पाणी पुरते मागे जात नाही आणि खुंटांच्या टोकांपलीकडे काही दिसत नाही. सुकतीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरले की निघा. पावसात आपला दर्या पायाखालची रेती ओढून नेतो, त्यामुळे गुडघ्याएवढ्या पाण्यातही मुलांचा हात सोडू नका. जीवरक्षक नको म्हणाला तर वाद घालू नका. पायात बूट असू द्या, गंजलेली टोके रेतीत झाकलेली आहेत. दोन रांगांच्या आत मात्र पाऊल टाकू नका. ओले लाकूड वरून घट्ट दिसते, पण ते आतून मऊ झालेले असते आणि माणसाच्या वजनाने त्याची कड तुटते. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा निदान एखादे नाणे ठेवा, म्हणजे तो फोटो पुढे कुणाच्या अभ्यासाला उपयोगी पडेल.

आणि हात लावू नका. नाव न लिहिण्याचे कारण हेच. मागच्या सुकतीला समुद्राकडची एक फळी पहार घालून उपसलेली मी पाहिली. ताजी खाच होती. ती फळी आज कुणाच्या तरी भिंतीवर असेल, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती चिरफाळून, वाकून, भुगा होऊन पडेल. शेकडो भरत्या सोसलेले लाकूड एका उन्हाळ्यात जाते, कारण त्याच्या पेशींना आतून आधार पाण्याचा असतो. पाणी उडाले की त्या कोसळतात.

कुणाला या किनारपट्टीवरच्या अशा जुन्या तारवांची माहिती असेल, घरच्या आठवणी असतील, तर इथे लिहा.


रापण

किनारवाटभाई, जागा ओळखली, नाव लिहीत नाही. आम्ही गाबीत, मासेमारी करणारे. माझे आजोबा त्या पट्ट्यात रापण ओढायचे, पण एका ठरावीक माडाच्या रोखाने जाळे कधी टाकत नसत. ‘तिथे जाळे धरते’ एवढेच सांगायचे. आम्हाला वाटायचे खाली खडप आहे. आता कळते आहे की काय धरत होते ते.

सुकतीच्या वेळेसाठी जुना हिशोब सांगतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. हा हिशोब मुंबईकडच्या कोळ्यांचा, आपल्याकडे भरती त्याच्या थोडी आधी येते. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला सुकती पहाटे आणि संध्याकाळी मिळते. तरी निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक बघाच, घरच्या हिशोबावर मुलांना घेऊन जाऊ नका.


भूगोलशिक्षक

फार महत्त्वाचा धागा. हे लाकूड पावसातच का वर येते याबद्दल वर्गात सांगतो तेच लिहितो.

जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या उंच, दाट लाटा किनाऱ्यावरची रेती खरवडून आत नेतात. ती फार लांब जात नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तिचा बांध तयार होतो आणि लाटा त्या बांधावरच फुटू लागतात. किनारा सपाट आणि खोल होतो, म्हणून एरवी मीटर-दोन मीटर रेतीखाली असलेले काहीही उघडे पडते. ऑक्टोबरपासून समुद्र शांत झाला की लांबट, मंद लाटा तीच रेती हळूहळू परत आणून टाकतात. नाताळपर्यंत किनारा पुन्हा भरलेला असतो आणि पर्यटकाला खाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही.

हे लाकूड टिकले तेही या रेतीमुळेच. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याला प्राणवायू लागतो, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीलाही लागतो. ओल्या, दाट रेतीखाली तो जवळपास नसतो. म्हणजे दर पावसाळ्यात जे दोन-तीन महिने हे तारू उघडे पडते, तेवढ्याच काळात त्याची झीज होते. रेती वेळेवर परत आली तर ते अजून कित्येक वर्षे राहील.

काळजी आहे ती रेती परत न येण्याची. रेतीचे डोंगर सपाट करून त्यावर बांधकामे झाली, मागे भिंती उभारल्या, नदीतून बेसुमार रेती उपसली, की किनाऱ्याकडे परत आणायला समुद्राजवळ रेती उरत नाही. पूर्वी दहा-पंधरा वर्षांत एखाद्या मोठ्या वादळाने दिसणारी गोष्ट आता दरवर्षी दिसू लागली, तर आनंद मानण्यापूर्वी किनाऱ्याकडे बघायला हवे.


बार्देसकर

सरांनी रेतीचे लिहिले म्हणून ‘रिव्हर प्रिन्सेस’ आठवले. जून २००० मध्ये हे खनिज वाहणारे जहाज वादळात कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्याजवळ रेतीत रुतले. लांबी सुमारे २४० मीटर. ते तिथे बारा एक वर्षे पडून होते. आमच्या मुलांनी समुद्राचे चित्र काढले की त्यात ते जहाज असायचेच.

त्याने किनाऱ्याचे काय केले ते आम्ही रोज पाहिले. एवढी मोठी लोखंडी भिंत आडवी उभी राहिल्यावर लाटांची वाट बदलली. जहाजाच्या आडोशाला रेती साचली आणि शेजारचा शिकेरीचा भाग खरवडला गेला. माडांची मुळे उघडी पडली. ते हलवण्यासाठी सरकारला २००१ मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला, आणि तरीही शेवटचा तुकडा निघेपर्यंत दशक उलटले.

पेडण्यातल्या लाकडी तळाचा किनाऱ्याला असा काही त्रास नाही. तो रेतीच्या आत आहे, लाटेला अडवत नाही. म्हणून ‘धोकादायक आहे, उपसून टाका’ असे कुणी पंचायतीत म्हणू लागले तर हा फरक त्यांना समजावून सांगा.


मीनल_पुणे

आम्ही चतुर्थीच्या सुट्टीत माशेलला सासरी येणार आहोत. मुलगी नववीत आहे, तिला हे दाखवायला फार आवडेल. किनारवाटदादा, तुमच्या सगळ्या सूचना पाळू. एक शंका. दर पावसाळ्यात झीज होते आहे आणि लोक फळ्या उपसत आहेत, तर ते सगळेच उचलून संग्रहालयात का नेऊ नये? तिथे तरी सुरक्षित राहील.


तारवटी

मीनलताई, तुमची शंका रास्त आहे. मी आयुष्यभर बोटीवर होतो. बंदराला लागलो की शहरातले जहाजांचे संग्रहालय शोधायचे ही सवय, म्हणून थोडे सांगू शकतो.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमला ‘वासा’ नावाची युद्धनौका आहे. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बंदरातच बुडाली, १९६१ मध्ये अख्खी वर काढली. पुढे तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन फवारत राहिले. लाकडाच्या पेशींतले पाणी हळूहळू बाहेर यावे आणि त्याच्या जागी हे बसावे म्हणून. ती फवारणी सतरा वर्षे चालली, त्यानंतर सुकवणे. इंग्लंडच्या पोर्टस्मथला ‘मेरी रोझ’ आहे, १५४५ मध्ये बुडालेली, १९८२ मध्ये वर काढलेली. तिच्यावरची फवारणी २०१३ पर्यंत चालू होती. एवढे करूनही वासाच्या लाकडात जुन्या लोखंडी खिळ्यांमुळे आम्ल तयार होते म्हणून तिथले लोक आजही झगडत आहेत. मी वासासमोर उभा राहिलो तेव्हा डोळे भरून आले, खोटे कशाला सांगू. पण त्यामागे एका श्रीमंत देशाची साठ वर्षांची अखंड मेहनत आहे.

आपल्याजवळचे उदाहरण केरळचे. आलप्पुळा जिल्ह्यात चेर्तलाजवळ तैक्कल-कडक्करप्पळ्ळी भागात २००२ मध्ये माडांच्या बागेत खणताना जुनी लाकडी नौका सापडली. आज तिथे समुद्र नाही, किनारा पुढे सरकला आहे. तिचे नीट उत्खनन झाले आणि फणसाच्या जातीच्या अंजिली लाकडाची ती बांधणी अभ्यासकांना पाहायला मिळाली. म्हणजे आपल्याकडेही हे काम होते. पण ते अभ्यासकांनी, तयारीने, टाकी आणि रसायने आधी सज्ज ठेवून करायचे काम आहे. क्रेन आणून उचलायचे आणि संग्रहालयाच्या अंगणात ठेवायचे, यात ते पहिल्या मे महिन्यातच संपेल. तोवर रेतीत असणे हेच बरे.


सत्तरीचा_माणूस

सगळे मान्य, पण प्रामाणिकपणे विचारतो. पोर्तुगीज काळात गोव्यात एवढी जहाजे आली-गेली. खाली नाणी, सोने काही असण्याची शक्यता नाही का? गावात तीच चर्चा आहे.


मोडीवाचक, पणजी

ही चर्चा गावात थांबवणे फार गरजेचे आहे, कारण सोन्याच्या नुसत्या अफवेने लोक रात्री फावडी घेऊन येतात. किनारवाट यांनी वर्णन केलेले तारू मालवाहू देशी गलबत आहे. त्यात माल असलाच तर कौले किंवा मिठाची पोती, आणि मीठ तर पहिल्याच लाटेत गेले.

गोव्याच्या समुद्रात जे खरोखर सापडले आहे ते सांगते, म्हणजे जहाजांत काय असते याची कल्पना येईल. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये सुरू झाली, आणि तिथल्या सागरी पुरातत्त्वाच्या पाणबुड्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून गोव्याजवळच्या खडपांत शोध घेतला. मुरगावच्या बाहेर सुंची खडपावर सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे पोर्तुगीज जहाज फुटलेले मिळाले. तिथे लोखंडी तोफा, नांगर, घडीव दगड, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, ब्रह्मदेशातल्या मर्तबान जातीच्या मोठ्या रांजणांची खापरे, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात सापडले. पाणघोड्याचा दात गोव्यात कुठून येणार? तो पूर्व आफ्रिकेतून येई, कोरीव कामासाठी. एका खडपावरच्या सामानात चीन, ब्रह्मदेश, आफ्रिका आणि गोवा यांचा व्यापार एकत्र दिसतो, आणि ही माहिती देणाऱ्या वस्तू बहुतेक फुटक्या खापरांच्या आहेत.

सेंट जॉर्ज खडपावरचे दुसरे जहाज मला याहून जवळचे वाटते. त्यात कौले, फरशीच्या आणि धुराड्याच्या विटा आणि खांबांवर बसवायची भाजक्या मातीची नक्षीदार शिरे होती. त्यांवर मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौल कारखान्याचा छाप आणि १८६५ साल. तो कारखाना त्याच वर्षी सुरू झाला, म्हणजे जहाज त्यानंतर बुडाले हे एका कौलावरून ठरले. गोव्यातल्या किती घरांवर तशीच मंगळुरी कौले आहेत! कुणाच्या तरी घराचे छप्पर त्या दिवशी खडपावर राहिले. आता कल्पना करा, पहिल्या माणसाने ते छापाचे कौल आठवण म्हणून उचलून घरी नेले असते, तर त्या जहाजाचा काळ आज कशाच्या आधारे ठरवला असता?

सोन्याचे जहाज हवे असेल तर तेही आहे, पण आपल्या किनाऱ्यावर नाही. २००८ मध्ये नामिबियाच्या ओरांयेमुंड जवळ हिऱ्याच्या खाणीसाठी समुद्र मागे हटवून रेती उपसताना एक पोर्तुगीज जहाज सापडले. अभ्यासकांच्या मते ते १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेले ‘बॉम जेझुस’. दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी, कित्येक टन तांब्याचे गोळे, शंभराहून जास्त हस्तिदंत. तो माल इकडे मिरी विकत घेण्यासाठी येत होता. गोवा नुकताच, १५३० मध्ये, पोर्तुगीज पूर्वेची राजधानी झाला होता. हे जहाज शाबूत मिळाले कारण तो किनारा खाणीसाठी बंद होता आणि तिथे कुणी पोचू शकत नव्हते.

कागदांबद्दलही एक गोष्ट. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ पर्यंत मागे जाते. दियोगु दु कोतु याला गोव्याच्या दप्तराचा पहिला रक्षक नेमले होते. तिथे ‘मोंसोंइश दु रेइनु’ नावाचे लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराचे खंड आहेत. जहाजे लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघत, सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे लागत, आणि डिसेंबर-जानेवारीत परत जात. सगळा कारभार त्या वाऱ्यांच्या तालावर. पावसात आग्वादसमोरच्या रेतीच्या बांधामुळे मांडवीचे तोंड बंद होई, मग जहाजांना मुरगावचा आसरा. शत्रूही हेच वेळापत्रक ओळखून येत. १६३९ मध्ये डचांनी मुरगावला नांगरलेली तीन पोर्तुगीज गॅलियन, म्हणजे मोठी शिडाची युद्धजहाजे, जाळली. हे सगळे कागदात आहे. किनारवाट म्हणतात तसे मिठाच्या गलबताचे मात्र नाही, आणि त्यांच्या त्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे.


सांताक्रूझकर

जवळच्या काळातलेही एक लिहितो. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांच्याशी लढताना पोर्तुगीजांची युद्धनौका ‘अफोंसु द आल्बुकेर्क’ जखमी झाली आणि तिच्या खलाशांनी ती बांबोळीच्या किनाऱ्याशी नेऊन रेतीत घातली. माझे वडील तेव्हा तरुण होते. तोफांचा आवाज गावभर घुमला, आणि नंतर कित्येक दिवस लोक लांबून ते जहाज बघायला जात, असे ते सांगत. पुढे ते तिथून काढून मुंबईकडे नेले, त्याला ‘सरवस्त्री’ असे नाव दिले आणि शेवटी भंगारात गेले. आज बांबोळीच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर त्या दिवसाची साधी पाटीही दिसत नाही. एवढी मोठी घटना, साल-तारीख सगळ्यांना पाठ, तरी जागेवर काही नाही. म्हणून पेडण्यातल्या या लाकडांची नोंद आत्ताच व्हावी असे मला मनापासून वाटते.


माडाचीराय

मी त्याच गावची. स्पष्ट बोलते, राग मानू नका. नाव लपवून काय होणार? गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, टॅक्सीवाल्यांना माहीत आहे, शॅकवाल्यांना माहीत आहे. पहार घेऊन आलेल्याला या धाग्याची गरज पडली नाही. उलट जाहीर केले, दोरी बांधली, पंचायतीने माणूस ठेवला, माहितीचा फलक लावला, तर पावसातल्या सुन्या दिवसांत गावात चार माणसे येतील आणि गावच त्या तारवावर नजर ठेवेल. आमच्या शेजारच्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी अशीच राखली जातात. मोरजीला आधी लोक अंडी उचलायचे, आज तेच लोक राखण करतात. लपवून ठेवलेल्या वस्तूचा मालक कुणी नसतो, बाब.


किनारवाट

माडाचीरायबाय, राग अजिबात नाही. तुमचे कासवांचे उदाहरण मला पटते. गावाने राखायचे ठरवले तर त्यापुढे माझ्या गुप्ततेला अर्थ नाही. माझे म्हणणे फक्त क्रमाबद्दल आहे. आधी नोंद, मग राखण, मग बोलावणे. मोरजीला वनखात्याची माणसे आणि कुंपण आधी आले, पर्यटक नंतर. आज इथे दोरीही नाही आणि माणूसही नाही. या स्थितीत इंटरनेटवर नाव गेले तर रविवारी शंभर जण त्या वाकांवर उभे राहून फोटो काढतील. दोरी बांधली त्या दिवशी या धाग्याच्या शीर्षकात गावाचे नाव मी स्वतः घालीन, तुमच्या परवानगीने.


कोर्टकचेरी

कायद्याचे थोडक्यात, कारण गावात बोलताना उपयोगी पडेल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा विनापरवाना धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेली १० रुपयांहून जास्त मोलाची ठेव सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवले पाहिजे, हा १८७८ चा कायदा अजून आहे. आणि फुटलेल्या जहाजाचा भाग किनाऱ्यावर मिळाला तर तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचा असतो, ‘सापडला म्हणून माझा’ हे नौवहनाच्या कायद्यात चालत नाही. फळी भिंतीवर टांगणाऱ्याला हे कुणीतरी शांतपणे सांगा. बहुतेकांना माहीतच नसते.

किनारवाट, लेखी कळवले आहे का? तोंडी सांगितलेले कागदावर येत नाही.


किनारवाट

हो. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला अर्ज दिला आहे, फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडून. एक प्रत पंचायतीत आणि एक दोना पावलला समुद्रविज्ञान संस्थेत. पोचपावत्या घेतल्या आहेत.

दरम्यान एक काम आपण करू शकतो, लाकडाला बोट न लावता. येत्या उधाणाच्या सुकतीला नीट मोजणी. पठाणाची दिशा, प्रत्येक वाकाची जाडी, दोन वाकांमधले अंतर, फळीची रुंदी, खिळ्यांची जागा. वाकांमधले अंतर आणि सांध्यांची पद्धत यांवरूनच जाणकार बांधणी ओळखतात. रेती परत येण्याच्या आत हे कागदावर आले पाहिजे. कोण येईल?


रापण

मी आणि माझा भाऊ. खुणेसाठी बांबूच्या काठ्या आणि दोरी आणतो, काठ्या लाकडापासून लांब रेतीत रोवू. पाण्याकडे लक्ष ठेवायला आमचा काका येईल, त्याने थांबा म्हटले की सगळ्यांनी थांबायचे.


भूगोलशिक्षक

होकायंत्र आणि तीस मीटरची टेप शाळेची आहे, मुख्याध्यापकांना विचारून आणतो. दहावीची चार मुले बरोबर असतील, लिहून घ्यायला. शिवाय रेतीच्या उताराची मोजणी तीच मुले महिन्याने पुन्हा करतील, म्हणजे किनारा किती वेगाने भरतो ते कळेल.


माडाचीराय

चहा आणि पेज माझ्या घरी. पंचायतीच्या पंचांना मी घेऊन येते, मोजणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली पाहिजे. दोरीचा विषय तिथेच काढू.


मीनल_पुणे

तारीख चतुर्थीच्या जवळची असेल तर आम्ही तिघेही. मुलगी चित्र छान काढते, प्रत्येक वाकाचे रेखाटन ती करेल म्हणते आहे. प्लास्टिकची पाटी आणि शिसपेन्सिल लागेल ना, पावसात कागद भिजेल?


किनारवाट

हो, पाटी आणि शिसपेन्सिलच. शाईचे पेन नको. तारीख कोष्टक बघून उद्या रात्री इथेच लिहितो, जागा प्रत्येकाला निरोपातून कळवीन.